समुद्रावरचा भुसा आणि बीडच्या विहिरीतले नत्र

केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात बीडचे नाव अशा एका यादीत आले, जिच्यात आपले नाव असावे असे कोणत्याच जिल्ह्याला वाटणार नाही. देशभरातील पंधरा हजारांहून अधिक ठिकाणचे भूजल तपासून हा अहवाल तयार झाला. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. देशातील जवळपास २० टक्के नमुन्यांनी ही मर्यादा ओलांडली होती. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांच्या वर गेले. सर्वाधिक नायट्रेट असलेले म्हणून वेगळे काढलेल्या पंधरा जिल्ह्यांपैकी सात एकट्या महाराष्ट्रातले आहेत : वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ.

नायट्रेट म्हणजे नत्राचे पाण्यात सहज विरघळणारे रूप. शेतात टाकलेला युरिया, गावाकडेचा उकिरडा, घरामागचा शोषखड्डा या तिन्ही वाटांनी ते जमिनीत मुरते आणि विहिरीत उतरते. मोठ्या माणसाला त्याने लगेच काही होत नाही. धोका असतो तो वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला. सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या दुधाच्या पावडरीत असे पाणी मिसळले, तर रक्तातील हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होऊन बाळ निळसर पडू शकते. पाणी उकळून हा धोका टळत नाही, उलट वाढतो. उकळताना पाणी आटते आणि नायट्रेट मात्र भांड्यातच राहते. बाळाला अंगावरचे दूध देणे किंवा नायट्रेट कमी असलेले दुसरे पाणी वापरणे, हेच घरगुती उपाय आहेत. आरओ यंत्र नायट्रेट काढते, साधा गाळणीचा फिल्टर काढत नाही.

आता याच जिल्ह्याचे दुसरे चित्र पाहा. खरिपाची पेरणी आटोपली, पहिला पाऊस बरा झाला, की कृषी सेवा केंद्रांसमोर युरियासाठी रांगा लागतात. ४५ किलोची गोणी, छापील किंमत २७० रुपयांच्या आत. सरकारला प्रत्यक्षात ती त्याच्या कितीतरी पट महाग पडते. गोणीत ४६ टक्के, म्हणजे २० किलोंहून थोडे अधिक नत्र असते. त्यातील पिकाच्या वाट्याला साधारण एक-तृतीयांश ते ४० टक्के येते. उरलेले काही काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीवरून अमोनियाच्या रूपात उडून जाते, काही पावसाबरोबर वाहते आणि काही खाली मुरते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असे म्हणतात. इथे आडात आहे आणि पोहऱ्यात येऊन ते पाजले जाते आहे.

नत्राची टंचाई आणि नत्राचा उबग, दोन्ही एकाच शिवारात. ही अडचण समजून घ्यायला बीडपासून बरेच दूर, समुद्रावर जावे लागते. तिथे हाच हिशेब काही जिवाणू कोट्यवधी वर्षांपासून चालवत आले आहेत. त्यांच्या युक्त्यांतील एक युक्ती तर माजलगावच्या जलाशयातील पाणी पिणाऱ्यांनाही माहीत असावी अशी आहे.

भुसा नव्हे, कारखाना

फेब्रुवारी ते मे या काळात वारा पडलेला असतो आणि गोवा-कोकणच्या किनाऱ्यापुढचे पाणी तापून शांत झालेले असते. अशा दिवसांत पाण्यावर कधी कधी तपकिरी-पिवळसर पट्टे दिसतात. सुतारकामाचा भुसा कोणीतरी सांडला असावा, असे ते दिसते. जवळून जाणाऱ्यांना वाटते तेल सांडले किंवा सांडपाणी सोडले. जगभरचे खलाशी याला ‘समुद्री भुसा’च म्हणत आले. कॅप्टन कुकच्या १७७० च्या सफरीत ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ असा भुसा दिसल्याची नोंद आहे. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ एरेनबर्ग याने १८२३ मध्ये तांबड्या समुद्रात तोच पाहिला आणि पुढे त्याला नाव दिले – ट्रायकोडेस्मियम. तांबड्या समुद्राला त्याचे नाव याच्यामुळेच मिळाले, असे एक मत आहे. मात्र नावांच्या अशा कथा तपासणे कठीण असते.

ट्रायकोडेस्मियम ही सायनोबॅक्टेरियाची एक जात. पाठ्यपुस्तकांत या गटाला नील-हरित शेवाळ म्हणतात, पण हे शेवाळ नव्हे. प्रकाशात अन्न तयार करणारे हे जिवाणू आहेत. शंभरेक पेशी एकापुढे एक जोडून एक तंतू बनतो. असे अनेक तंतू जुडीसारखे बांधले जातात आणि नुसत्या डोळ्यांना दिसेल एवढी वसाहत तयार होते. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकापासून या बहराचा अभ्यास केला आहे. देवसी, भट्टतिरी आणि कासीम यांचा १९७८ चा शोधनिबंध आजही या विषयात आधार म्हणून घेतला जातो. मे १९९५ मध्ये मध्य अरबी समुद्रात एक फार विस्तीर्ण बहर नोंदला गेला. म्हणजे ही घटना किनाऱ्यापुरती नाही, मराठी माणसाच्या शेजारच्या अख्ख्या समुद्राची आहे.

हा भुसा महत्त्वाचा का, ते १९६१ मध्ये कळले. डगडेल, मेंझेल आणि राइथर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी अटलांटिकमधील सारगासो समुद्रात दाखवले की, ट्रायकोडेस्मियम हवेतील नत्र पकडते. हवेत ७८ टक्के नत्र आहे आणि समुद्राच्या पाण्यातही ते भरपूर विरघळलेले असते. पण त्या नत्राच्या दोन अणूंमधील तिहेरी बंध इतका पक्का, की झाडे, प्राणी, शैवाल यांना तो तोडता येत नाही. खत कारखान्यात तो तोडायला चारशे अंशांहून अधिक तापमान आणि वातावरणाच्या शे-दीडशे पट किंवा त्याहून जास्त दाब लागतो. शिवाय नैसर्गिक वायू लागतो, त्यातला बराचसा भारत बाहेरून आणतो. ट्रायकोडेस्मियम हेच काम समुद्राच्या साध्या तापमानात करते. त्यासाठी त्याच्याकडे नायट्रोजिनेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते.

आकडे जोखून पाहण्यासारखे आहेत. समुद्रातील सर्व जीव मिळून वर्षाला साधारण १० ते २० कोटी टन नत्र पकडत असावेत, असे अंदाज आहेत. जगातले खत कारखानेही आज जवळपास त्याच घरात, वर्षाला दहा-बारा कोटी टनांच्या आसपास नत्र बांधतात. म्हणजे माणसाने शंभर वर्षांत एका महासागराएवढा नत्र पकडण्याचा कारखाना उभारला आहे. फरक एवढाच, की समुद्रातला कारखाना माल तयार झाला की जागेवरच खपवतो. आपला माल गोणीतून निघाला की निम्म्याहून अधिक वाटेत सांडतो.

समुद्रात हा माल खपतो, कारण तिथे नत्राची कायम चणचण असते. उष्ण प्रदेशातील निळाशार समुद्र दिसायला सुंदर. पण निळा म्हणजे उपाशी, हे समुद्रशास्त्रातले साधे गणित. पाण्यात हिरवे काही उगवत नाही म्हणून ते निळे दिसते. अशा पाण्यात ट्रायकोडेस्मियम नत्र बांधते, त्यातले काही पाण्यात झिरपते, त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांच्यावर झिंग्यांसारखे बारीक जीव आणि त्यांच्यावर मासे. बांगडा आणि तारली यांच्या ताटातील किमतीमागे या अदृश्य खताचाही वाटा असतो. बहर फार दाट झाला आणि मग कुजला, तर मात्र त्याच पाण्यातला प्राणवायू संपतो, वास सुटतो आणि मासे तिथून दूर जातात.

एक अडचण मात्र विलक्षण आहे. नायट्रोजिनेजला प्राणवायू सोसत नाही. प्राणवायूचा स्पर्श झाला की ते निकामी होते. आणि प्रकाशात अन्न तयार करताना ट्रायकोडेस्मियम स्वतःच प्राणवायू सोडते. गोड्या पाण्यातील अ‍ॅनाबिना नावाच्या भावंडाने यावर सोपा उपाय काढला आहे : काही पेशींना जाड भिंत द्यायची, त्यांत प्रकाशाचे काम बंद ठेवायचे आणि नत्राचे काम तेवढे चालवायचे. इतर काही जाती नत्राचे काम रात्रीवर ढकलतात. ट्रायकोडेस्मियमकडे अशा खास पेशी नाहीत आणि ते नत्र पकडते तेही भर दिवसा. दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी आणि तंतूच्या वेगवेगळ्या भागांत दोन्ही कामे आळीपाळीने करून ते निभावते, असे २००१ पासूनच्या संशोधनातून पुढे आले. एकाच खोलीत चूलही पेटवायची आणि लोणीही वितळू द्यायचे नाही, असा हा संसार आहे.

हातोडा, बूच आणि बाटली

नत्र पकडायला ऊर्जा लागते, ऊर्जेला ऊन लागते आणि ऊन वर असते. पण जिवाणूचा देह पाण्यापेक्षा जड. तरंगत राहायचे कसे, यावर सायनोबॅक्टेरियांनी काढलेला उपाय म्हणजे वायुकोश. पेशीच्या आत प्रथिनांचे अतिसूक्ष्म पोकळ डबे असतात. आकार दोन्ही टोकांना निमुळत्या केलेल्या नळीसारखा. जाडी केसाच्या हजारपट बारीक किंवा त्याहून कमी. भिंत जेमतेम दोन नॅनोमीटरची. अशा शेकडो नळ्या एकत्र रचल्या, की पेशी हलकी होते.

हे डबे फुग्यासारखे फुगवलेले नसतात, इथेच बहुतेकांची गफलत होते. फुग्यात हवा दाबून भरलेली असते आणि भिंत तिला अडवून धरते. वायुकोशाच्या भिंतीतून वायू बिनदिक्कत आत-बाहेर करतो. अडवले जाते ते पाणी. भिंतीची आतली बाजू पाण्याला जवळ करत नाही, म्हणून पोकळी कोरडी राहते. भिंत उभी राहते ती हवेच्या दाबावर नव्हे, तर स्वतःच्या ताठपणावर. रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखी. म्हणूनच बाहेरचा दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की ती एकदम चेपते आणि चेपलेला डबा पुन्हा सरळ होत नाही. पेशीला नवा बांधावा लागतो.

हे सिद्ध करणारा प्रयोग १८९५ चा, आणि तो इतका साधा आहे की विज्ञानाच्या इतिहासात त्याला ‘हातोडा, बूच आणि बाटली’ याच नावाने ओळखतात. जर्मन शास्त्रज्ञ क्लेबान याने तलावावरचे तरंगते हिरवे पाणी बाटलीत काठोकाठ भरले, घट्ट बूच लावले आणि बुचावर हातोड्याचा ठोका दिला. क्षणभर दाब वाढला, आतले सगळे वायुकोश चेपले आणि तरंगणारे हिरवे कण तळाशी जाऊ लागले. पाण्याचा दुधट गढूळपणाही गेला. रसायन नाही, उष्णता नाही, नुसता एक ठोका.

समुद्रातल्या ट्रायकोडेस्मियमचे वायुकोश तलावातल्या भावंडांपेक्षा पुष्कळ दणकट असतात. ब्रिटिश शास्त्रज्ञ अँथनी वॉल्सबी यांनी १९७० च्या दशकात ते मोजले. त्यांच्या मोजणीनुसार शंभर मीटरहून अधिक खोलीवरचा दाबही ते सोसू शकतात. एवढा भक्कमपणा कशासाठी? समुद्राच्या वरच्या थरात ऊन भरपूर पण स्फुरद तुटपुंजे. खाली स्फुरद आहे, पण अंधार. दिवसभर साखर साठवून पेशी जड झाली की वसाहत खाली बुडते. साखर संपली की वायुकोश तिला पुन्हा वर आणतात. या फेरीत खालून स्फुरद उचलून आणायचे, असा तिचा व्यवहार असावा, असे अनेक शास्त्रज्ञांना वाटते. लोहाची सोयही तिने अशीच चातुर्याने केली आहे. वाळवंटातून उडून आलेली धूळ समुद्रावर पडते. वसाहतीचे तंतू ते धूलिकण पकडतात, मध्यभागी सरकवतात आणि त्यातले लोह विरघळवून घेतात. अकाबाच्या आखातातील वसाहतींवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी हे २०११ मध्ये दाखवले.

वायुकोश ही सायनोबॅक्टेरियांचीच मक्तेदारी नाही. जून २०२० मध्ये लोणारचे सरोवर गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे खारप्रेमी सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले होते. मिठाच्या पाण्यात राहणाऱ्या या कुळातील कित्येक जातींकडे हेच वायुकोश असतात. आणि आता ते वैद्यकशास्त्रातही शिरले आहेत. अमेरिकेतील कॅलटेक संस्थेच्या मिखाइल शापिरो यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवले की, वायुकोश सोनोग्राफीत ठळक दिसतात, कारण ध्वनिलहरी त्यांच्यावरून परावर्तित होतात. पुढे या गटाने वायुकोशांची जनुके आधी जिवाणूंत आणि नंतर सस्तन प्राण्यांच्या पेशींत घातली. उद्देश हा, की शरीराच्या आत एखादी पेशी कुठे आहे आणि काय करते आहे, ते बाहेरून ध्वनीने पाहता यावे. २०२३ मध्ये भिंतीची अणूंपर्यंतची रचनाही उलगडली. हे सारे अजून प्रयोगशाळेत आहे. बीडच्या सोनोग्राफी केंद्रात ते येण्यास बराच अवकाश आहे.

माजलगावच्या काठावर

आता पुन्हा बीडकडे. बालाघाटच्या डोंगररांगेवर पडलेले पाणी बिंदुसरा आणि सिंदफणेतून माजलगावच्या जलाशयात येते. पैठणच्या उजव्या कालव्याचे पाणीही तिथेच येऊन मिळते. बीड शहर पितो ते पाणी मुख्यतः या जलाशयाचे. मांजरा नदीही याच जिल्ह्यात पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि धनेगावच्या धरणात अडते; अंबाजोगाई, केज, लातूर हे त्यावर अवलंबून. या दोन्ही खोऱ्यांत शेतातून निघालेले नत्र आणि स्फुरद पाण्याबरोबर जलाशयातच उतरते. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत सिंदफणेने काठची जमीन खरडून नेली. ती माती नुसती माती नव्हती, त्यात त्या हंगामाची आणि आधीच्या कित्येक हंगामांची खतेही होती.

गोड्या, साचलेल्या, उन्हाने तापलेल्या आणि खत मिळालेल्या पाण्यात सायनोबॅक्टेरियांच्या ज्या जाती फोफावतात, त्यांत मायक्रोसिस्टिस ही जगभर कुख्यात आहे. तिच्याकडे वायुकोश आहेत, पण नत्र पकडण्याची क्षमता नाही. म्हणजे तरंगण्याची कला तिची स्वतःची आणि नत्र मात्र आपण पुरवलेले. उन्हाळ्यात आटलेल्या तलावाच्या काठावर हिरव्या रंगाचे पातळ तेल सांडल्यासारखा थर दिसतो, तो अनेकदा तिचा किंवा तिच्या भावंडांचा असतो. रात्री साठवलेली साखर संपते, पेशी हलक्या होतात आणि पहाटे वारा नसताना थर सर्वांत दाट दिसतो. मग वारा सुटला, की तो एका काठाला लोटला जातो. जनावरे पाणी प्यायला येतात तीही काठावरच.

या थरातील काही वाणांत मायक्रोसिस्टिन हे यकृतावर घाला घालणारे विष असते. सगळ्याच वाणांत नसते, आणि डोळ्यांनी पाहून ते ओळखता येत नाही. धोका किती गंभीर होऊ शकतो, हे ब्राझीलमधील कारुआरू शहराने १९९६ मध्ये दाखवले. तिथल्या डायलिसिस केंद्रात दूषित जलाशयाचे नीट शुद्ध न झालेले पाणी वापरले गेले. त्या पाण्यातील विष थेट रक्तात गेले आणि ५० हून अधिक रुग्ण दगावले. २०१४ मध्ये अमेरिकेतील टोलीडो शहरात नळाला हेच विष आले आणि सुमारे पाच लाख लोकांना काही दिवस नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका, असे सांगावे लागले. २०२० मध्ये बोट्स्वानात ३०० हून अधिक हत्ती मेले, त्याचे कारणही तिथल्या सरकारने पाणवठ्यांतील सायनोबॅक्टेरियाचे विष असेच दिले.

‘उकळूनही नाही’ हे शब्द नीट लक्षात घ्यायला हवेत. मराठवाड्यात गढूळ पाणी म्हटले की तुरटी, उकळणे आणि क्लोरीन ही त्रयी ठरलेली. कॉलरा, कावीळ, अतिसार यांसाठी ती योग्यच आहे. या विषापुढे मात्र उकळणे चालत नाही. क्लोरीनचे तर दुधारी आहे : गाळण्याआधीच हिरव्या पाण्यात क्लोरीन ओतले, तर पेशी फुटतात आणि आत बंद असलेले विष पाण्यात मिसळते. आधी पेशी अख्ख्या गाळून काढायच्या आणि मग क्लोरीन द्यायचे, हा क्रम महत्त्वाचा. जागतिक आरोग्य संघटनेने रोजच्या पिण्याच्या पाण्यासाठी मायक्रोसिस्टिनची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. गावपातळीवर वापरल्या जाणाऱ्या पाणी तपासणी संचात नायट्रेट, फ्लोराइड, क्लोरीन यांच्या चाचण्या असतात, या विषाची नसते. तिच्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. निदान पाणीपातळी तळाला गेलेल्या एप्रिल-मे-जूनमध्ये तरी मोठ्या शहरांना पाणी पुरवणाऱ्या जलाशयांचे नमुने असे पाठवले जायला हवेत. खर्च फार नाही. डायलिसिस केंद्रे आता तालुक्याच्या गावीही पोहोचली आहेत, हे लक्षात घेतले तर तो किरकोळच म्हणावा.

वायुकोशांचे ज्ञान इथे थेट कामाला येते. विषारी थर तरंगतो, म्हणून पाणी उचलण्याचे तोंड पृष्ठभागाच्या बरेच खाली असले तर त्यात पेशी कमी येतात. अनेक जलाशयांच्या विहिरींना वेगवेगळ्या उंचीवर झडपा असतात त्या याच कामासाठी वापरता येतात. पण धरण आटत जाते तशी वरची झडप निकामी होते, पाणी उचलायला तराफ्यावरचे पंप लावावे लागतात आणि तराफा असतो नेमका पृष्ठभागावर, थराच्या मध्यभागी. दुष्काळात धोका वाढतो तो असा. ध्वनिलहरी सोडून वायुकोश फोडणारी यंत्रेही बाजारात विकली जातात, क्लेबानच्या हातोड्याची विजेवर चालणारी आवृत्तीच म्हणा. लहान तळ्यात त्यांचा उपयोग झाल्याचे दावे आहेत. माजलगावएवढ्या विस्तीर्ण जलाशयात त्यांच्यावर पैसे घालण्यापेक्षा गाळणी केंद्र नीट चालवणे अधिक शहाणपणाचे.

मुळावर घाव घालायचा तर नत्र आणि स्फुरद पाण्यात येऊच न देणे हा मार्ग आहे. त्यातही फसवणूक होण्याची एक जागा आहे. कॅनडात ओंटारिओ प्रांतातील ‘सरोवर क्रमांक २२७’ वर डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी अनेक दशके प्रयोग केला. त्यांनी त्या तळ्यात स्फुरद टाकत राहून नत्र देणे बंद केले. अपेक्षा ही, की नत्राविना हिरवळ मरेल. झाले उलटे. नत्र पकडणाऱ्या जातींनी जागा घेतली आणि हवेतून नत्र आणून तूट भरून काढली. यावरून स्फुरद रोखणे अधिक महत्त्वाचे, असे शिंडलर यांचे म्हणणे होते. दोन्ही रोखावे लागतात, असे म्हणणारे शास्त्रज्ञही पुष्कळ आहेत आणि तो वाद मिटलेला नाही. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर नुसता युरिया कमी करून भागत नाही, डीएपीचा हिशेबही ठेवावा लागतो. स्फुरद मातीच्या कणांना चिकटून प्रवास करते. त्यामुळे बांधबंदिस्ती, नाल्याकाठचे गवत आणि जलाशयातला गाळ काढून शेतात टाकणे ही कामे पाणी साठवण्याइतकीच पाण्याच्या शुद्धतेचीही आहेत. राज्यात २०१७ पासून सुरू असलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेची चर्चा कायम घनमीटरमध्ये होते. त्या गाळाबरोबर किती स्फुरद बाहेर निघाले, हाही तिच्या यशाचा एक माप ठरायला हवा.

शेवाळ खताचा मोह

हे वाचून कोणालाही वाटेल की मग हवेतून नत्र पकडणारे हे जिवाणूच शेतात का सोडू नयेत? कल्पना भारतीयच आहे आणि जुनी आहे. भाताच्या खाचरात वर्षानुवर्षे खत न घालताही नत्र कुठून येते, या कोड्याचे उत्तर नील-हरित शैवालात असल्याचे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवले. बनारस हिंदू विद्यापीठातील आर. एन. सिंह यांनी १९५० मध्ये उत्तरेतील क्षारपड जमिनी सुधारण्यासाठी त्यांचा वापर मांडला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत जी. एस. वेंकटरामन यांनी भातशेतीसाठी शेवाळ खताचे तंत्र घडवले.

भातशेतीत हे चालते कारण तिथे पाणी साचलेले असते. बीडचा शिवार सोयाबीन, कापूस, तूर, ज्वारी आणि जिथे कालवा तिथे उसाचा. निचरा होणाऱ्या काळ्या रानात, दोन पावसांच्या मधल्या उघडिपीत हे जिवाणू वाळून जातात. त्यामुळे कापसाला किंवा सोयाबीनला नील-हरित शैवालाची बाटली विकायला कोणी आले, तर ती न घेतलेली बरी. सोयाबीनला हवा आहे तो रायझोबियम जिवाणू. तो मुळांवर गाठी करून तिथेच नत्र बांधतो आणि पिकाला हातोहात देतो. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात त्याचे जिवाणू खत मिळते आणि बीजप्रक्रियेचा खर्च एका युरियाच्या गोणीपेक्षा जास्त नाही. गाठी चांगल्या आलेल्या सोयाबीनवर पुन्हा युरिया फेकला तर झाड गाठींचे काम मंदावते. म्हणजे गोणीचे पैसेही जातात आणि फुकट मिळणारे नत्रही. तरी तो फेकला जातो. पान काळेशार दिसले की मन भरते, हे त्यामागचे कारण कृषी सेवा केंद्राचा कोणताही मालक सांगेल.

ज्वारी, गहू, ऊस यांना स्वतःचे नत्र बांधायला लावण्याचे स्वप्न मात्र समुद्राने नव्याने जागे केले आहे. एप्रिल २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोध प्रसिद्ध झाला. समुद्रातील एका सूक्ष्म शैवालाच्या पेशीत राहणारा नत्र पकडणारा सायनोबॅक्टेरिया आता पाहुणा राहिलेला नाही. तो त्या पेशीचा अवयवच झाला आहे, असे त्यात दाखवले गेले. पेशीबरोबर तो विभागतो आणि लागणारी कित्येक प्रथिने यजमानाकडून घेतो. त्याला ‘नायट्रोप्लास्ट’ असे नाव मिळाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे जोनाथन झेर यांना त्याच्या जनुकाचा तुकडा १९९८ मध्ये पॅसिफिकच्या पाण्यात सापडला होता, आणि जपानच्या क्योको हागिनो यांनी तो शैवाल प्रयोगशाळेत वाढवण्यासाठी दहा वर्षांहून अधिक काळ खर्च केला. प्राणवायूचे कोडेही इथे वेगळ्या रीतीने सुटले आहे : या अवयवाने प्राणवायू सोडणारी यंत्रणाच टाकून दिली आहे, अन्न यजमान पुरवतो.

वनस्पतीच्या पेशीत नत्र बांधणारा अवयव असू शकतो, हे निसर्गाने करून दाखवले आहे, एवढाच याचा आजचा अर्थ. निसर्गाला त्याला काही कोटी वर्षे लागली. ज्वारीच्या ताटात तो बसवायला प्रयोगशाळांना किती लागतील, याच्या तारखा देणाऱ्या बातम्यांकडे संशयानेच पाहिलेले बरे.

दरम्यान मंजरथजवळ सिंदफणा गोदावरीला मिळते, मांजरा पुढे तेलंगणात मिळते आणि आष्टीकडचे पाणी सीनेतून भीमेत व कृष्णेत जाते. बीडचे सारे पाणी शेवटी बंगालच्या उपसागराचे. त्या उपसागरात खोलवर एक थर आहे, जिथे प्राणवायू जवळजवळ संपलेला आहे, पण पुरता नाही. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सहभागाने झालेल्या आणि २०१७ मध्ये ‘नेचर जिओसायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासात दिसले की, तिथे उरलेल्या प्राणवायूच्या अगदी पुसट अंशामुळेच समुद्रातील नत्र वायू होऊन निघून जाण्याची मोठी प्रक्रिया अडून आहे. अरबी समुद्रात ती आधीच जोरात चालते. नद्यांनी खत ओतत राहिल्यास बंगालच्या उपसागरातला तो पुसट अंशही संपू शकतो, असा इशारा त्या संशोधकांनी दिला आहे. धारूर किंवा वडवणीच्या रानात पावसाच्या तोंडावर फेकलेल्या युरियाचा हिशेब विहिरीत, मग धरणात आणि नंतर तिथे, काकीनाडाच्याही पलीकडे मांडला जातो.